जुना लॅपटॉप बदलताना, बिघडलेला विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप बंद पडला किंवा रडतखडत चालायला लागला की मनात एकाच वेळी तीन विचार येतात: दुरुस्त करावा, नवा घ्यावा की आहे तसा विकून टाकावा? तिन्हींचा निकाल एकाच माहितीवर लागतो, ती म्हणजे नेमका कोणता भाग गेला आहे. "लॅपटॉप खराब झालाय" यापलीकडे काही सांगता येत नसेल, तर दुरुस्तीवाला सांगेल तो खर्च आणि घेणारा म्हणेल तो भाव मान्य करावा लागतो. "डिस्प्लेची केबल गेली आहे, बाकी सगळं चालू आहे" असं सांगता आलं की बोलणीच बदलतात. म्हणून खाली बिघाड ओळखायला आणि तो दुसऱ्याला नीट सांगायला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

लॅपटॉप फार हळू झालाय. बदलायची वेळ आली का?

नुसता हळू झाला एवढ्यावरून बदलू नका. आधी आत कोणती डिस्क आहे ते बघा. जुन्या धाटणीची फिरती हार्ड डिस्क असेल तर बहुतेक वेळा खोळंबा तिचाच असतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा काही न करताही १०० टक्क्यांवर अडकलेला दिसतो. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर मजकूर साठवणारी वेगवान डिस्क) बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ किंवा १६ करता येते का ते पाहा. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच (मुख्य सर्किटच्या पाटीवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

तिसरं कारण धूळ. पंखा सतत घोंघावतो, खालची बाजू हाताला चटका देते आणि दहा-पंधरा मिनिटांनी काम मंदावतं, याचा अर्थ प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आहे. पंखा साफ केला आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली की अनेकदा एवढ्यानेच भागतं.

मदरबोर्ड गेला असेल, आत पाणी किंवा चहा गेला असेल, किंवा पडदा आणि बिजागरी दोन्ही तुटले असतील, तर मात्र बदलण्याचा विचार गांभीर्याने करावा. माझा स्वतःचा आडाखा असा: तेच मॉडेल चालू स्थितीत सेकंडहँड ज्या किमतीला मिळतं, तिच्या निम्म्याहून जास्त दुरुस्तीला लागणार असतील तर दुरुस्ती करत नाही.

विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला म्हणजे माझा लॅपटॉप निकामी झाला का?

निकामी झाला नाही, पण किंमत उतरली. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवली गेली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा हवा. टीपीएम पुष्कळदा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसता बंद ठेवलेला असतो, तेव्हा "चालणार नाही" असा निष्कर्ष काढण्याआधी तो चालू करून पाहा. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे छोटं सॉफ्टवेअर याचं सरळ उत्तर देतं.

जो लॅपटॉप ११ वर जात नाही, त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली उत्तम चालते. वाचन, लेखन, ईमेल, व्हिडिओ एवढंच काम असेल तर तो आणखी काही वर्षं काढेल. विकताना मात्र "विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही" हे जाहिरातीतच लिहा. घेणाऱ्याला ते घरी गेल्यावर कळू नये.

नेमका बिघाड कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखू?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाचा.

पडद्यापासून सुरुवात करू. पडदा काळा आहे, रेषा येतात किंवा लुकलुकतो आहे, तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला किंवा बाहेरच्या मॉनिटरला जोडा. तिथे चित्र स्वच्छ आलं तर बोर्ड आणि ग्राफिक्स ठीक आहेत, दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. बाहेरही तशाच रेषा आल्या तर दोष खोलवर आहे. झाकण पुढे-मागे हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्या. पडदा पूर्ण काळा वाटतो पण आवाज येतो, अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे.

माझ्याच एका लॅपटॉपचा पडदा असा काळा झाला होता. दुरुस्तीच्या एका दुकानात "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या" असं सांगितलं. घरी येऊन टीव्हीला जोडला, तर चित्र लख्ख. झाकण अर्धं मिटलं की पडदा क्षणभर उजळायचा. केबल चिरली होती, एवढंच. ती बदलल्यावर तो लॅपटॉप पुढे दोन वर्षं चालला. तेव्हापासून बाहेरच्या पडद्यावर तपासल्याशिवाय मी कुणाचं "बोर्ड गेला" ऐकत नाही.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर जोडून चालू करून बघा. आत साठलेला विद्युतभार निघून गेल्यावर बरेच "मेलेले" लॅपटॉप उठून बसतात. नाही उठला तर दुसरा चार्जर लावून पाहा. गोल पिनच्या चार्जरचे व्होल्ट मूळ चार्जरइतकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. चालू करताना दिवे ठराविक वेळा लुकलुकले किंवा बीप वाजले तर ते मोजून ठेवा. तो बिघाडाचा सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत सापडतो.

लॅपटॉप मध्येच अडकतो, निळा पडदा येतो, अशा वेळी दोन गोष्टी तपासा. रॅमसाठी विंडोजमध्येच "मेमरी डायग्नोस्टिक" आहे. डिस्कसाठी तिच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर वापरा. खराब झालेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर इतर सगळं सोडून आधी महत्त्वाच्या फायली काढून घ्या.

आणखी एक फार उपयोगी चाचणी: पेनड्राइव्हवर लिनक्स टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप चालू करा. तासभर नीट चालला, वायफाय लागलं, आवाज आला, तर हार्डवेअर बहुतांशी निरोगी आहे आणि भानगड डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. कीबोर्डच्या काही कळा चालत नसतील तर यूएसबी कीबोर्ड लावून काम निभतं, आणि विकताना "या या कळा चालत नाहीत" असं मोजून सांगता येतं.

बॅटरी किती उरली आहे हे कसं कळेल?

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात दोन आकडे शोधा: बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की उत्तर मिळालं. समजा ५० वॉट-अवरची बॅटरी आता ३० च धरते, तर ती ६० टक्क्यांवर आली आहे. मॅकबुकमध्ये सिस्टीम इन्फर्मेशनमधल्या पॉवर विभागात चार्जिंगची आवर्तनं दिसतात. अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटऱ्या १,००० आवर्तनांसाठी बनवलेल्या असतात, इतर अनेक लॅपटॉपमध्ये ३०० ते ५०० नंतर उतार जाणवतो. या अहवालाचा फोटो जाहिरातीत टाका. "बॅकअप चांगला आहे" या वाक्यापेक्षा त्याच्यावर लोकांचा जास्त विश्वास बसतो.

टचपॅड वर आलाय, खालचं झाकण फुगलंय. तसाच विकला तर चालेल का?

नाही. ती बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोक लागू देऊ नका. लिथियम बॅटरीचं आवरण फाटलं तर ती पेट घेऊ शकते आणि ती आग सहज विझत नाही. जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या, ती बॅटऱ्यांच्या संकलन केंद्रात द्या आणि लॅपटॉप बॅटरीविना विका. बरेच लॅपटॉप बॅटरी नसतानाही थेट चार्जरवर चालतात, तसा चालवून दाखवता येतो. या एका बाबतीत "घेणाऱ्याला सांगितलं होतं" हे पुरेसं नाही. ती वस्तू दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचीच नाही.

आधी दुरुस्त करून विकू की आहे तसा विकू?

उदाहरणाने सांगतो. तुमचं मॉडेल चालू स्थितीत १०० ला जातं असं धरा. दुरुस्तीला ३० लागणार आहेत. बिघडलेला लॅपटॉप घेणारा ७० देणार नाही, कारण दुरुस्तीची यातायात त्याची आणि "उघडल्यावर आणखी काही निघालं तर" ही जोखीमही त्याचीच. तो ५० च्या आसपास येईल. म्हणजे दुरुस्ती करून विकला तर तुमच्या हाती ७०, आहे तसा विकला तर ५०. या २० साठी दुकानाच्या खेपा घालायच्या का, हे तुम्ही ठरवा.

माझं मत असं की जे काम स्वतः एका संध्याकाळी होतं ते करून घ्यावं: रॅम घट्ट बसवणं, धूळ काढणं, डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकणं. बंद असलेला लॅपटॉप "चालू होतो" या वर्गात गेला की भाव एकदम उडी मारतो. पडदा किंवा बोर्ड बदलायच्या भानगडीत विकण्यासाठी म्हणून पडू नये. ते भाग दुरुस्तीवाल्यांना आपल्यापेक्षा स्वस्त पडतात, आणि तो फरक आपल्याला कधीच वसूल होत नाही.

नवा घेताना काय बघू?

जुन्याने ज्या गोष्टीवरून त्रास दिला ती आधी बघा. रॅम वाढवता आली नाही म्हणून जुना सोडावा लागला असेल, तर नव्यात १६ जीबी तरी सुरुवातीलाच घ्या किंवा मोकळा स्लॉट आहे याची खात्री करा. बॅटरी चिकटवलेली आहे की स्क्रूने बसवलेली, एसएसडी सुटी, बदलता येणाऱ्या एम.२ प्रकारची आहे की सोल्डर केलेली, हे मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत सापडतं. यूएसबी-सी वर चार्ज होणारा असेल तर उत्तम, चार्जर हरवला किंवा गेला तरी अडत नाही. मात्र वॉट बघा. हे मानक बरीच वर्षं १०० वॉटपर्यंतच होतं, २०२१ मध्ये ते २४० पर्यंत वाढलं, आणि फोनचा छोटा चार्जर लॅपटॉपला पुरत नाही.

नवाच हवा असं नाही. तीन-चार वर्षं कार्यालयीन वापरात राहून तपासून विकलेले, वॉरंटी असलेले लॅपटॉप घरच्या कामाला भरपूर होतात. बिजागऱ्या आणि कीबोर्ड यांच्या बाबतीत ते नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट निघतात असा माझा अनुभव आहे.

नवा आल्या आल्या जुना विकून टाकू का?

थोडी कळ काढा. किमान दोन आठवडे दोन्ही शेजारी ठेवा. राहून गेलेल्या गोष्टी वापरतानाच आठवतात: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ईमेल सॉफ्टवेअरमध्ये संगणकावरच साठलेली जुनी पत्रं, डिजिटल स्वाक्षरीचं प्रमाणपत्र, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहिलेली एखादी पावती. काही सॉफ्टवेअर ठराविक संगणकांवरच चालतात. त्यांचा परवाना जुन्यावरून आधी सोडवावा लागतो, नंतर ते जमेल याची खात्री नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. जुने लेख युनिकोडपूर्व फाँटमध्ये (सगळीकडे सारखी उघडणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये) असतील, तर नव्या लॅपटॉपवर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. ते फाँट सोबत न्या, आणि जमेल तेवढा मजकूर याच निमित्ताने युनिकोडमध्ये बदलून घ्या. पुढच्या वेळी तो फाँट कुठे सापडेल का, याची शाश्वती नाही.

फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा बॅकअपचा जुना नियम आजही चोख आहे. आणि बॅकअप उघडून बघा. फोल्डर कॉपी झालेलं दिसतं, आतली फाइल उघडत नाही, असं घडतं.

सगळ्या फायली डिलीट केल्या, रिसायकल बिनही रिकामा केला. पुरे ना?

मुळीच नाही. डिलीट केल्यावर किंवा झटपट फॉरमॅट केल्यावर बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर डिस्कवर तसाच असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळतो. तुमचे फोटो, ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती आणि बँकेची विवरणपत्रं अनोळखी माणसाच्या हाती जातील.

फिरत्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की काम होतं. पस्तीस वेळा लिहायचा सल्ला जुना आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतही सर्वसाधारण पुसण्यासाठी एक फेरी पुरेशी धरली आहे. एसएसडीचं गणित वेगळं. ती झीज सारखी वाटली जावी म्हणून नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते, त्यामुळे वरून लिहून जुनं पुसलं गेलं याची हमी मिळत नाही. तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली किंवा बायॉसमधली सिक्युअर इरेजची सोय वापरा.

विंडोजमध्ये सोपा मार्ग असा: सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे "रीसेट धिस पीसी" आणि त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग". पुढे "चेंज सेटिंग्ज" मध्ये "क्लीन डेटा" चालू करा, हे बहुतेक लोक विसरतात. डिस्क आधीपासून बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीने कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असेल तर दुधात साखर, कारण किल्ली पुसली गेली की उरलेला मजकूर वाचताच येत नाही. म्हणून मी नवा लॅपटॉप आला की पहिल्याच दिवशी कूटबद्धीकरण चालू करतो आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवतो.

अ‍ॅपलच्या टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्या किंवा अ‍ॅपल सिलिकॉनच्या (त्याच कंपनीच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या) मॅकमध्ये, मॅकओएसच्या २०२१ च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून पुढे, "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" हे एकच बटण सगळं करतं.

लॅपटॉप चालूच होत नाही. मग डिस्क कशी पुसू?

काढून घ्या. बहुतेक लॅपटॉपमध्ये खालचं झाकण उघडलं की डिस्क दोन-चार स्क्रूवर असते. उघडण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरीची जोडणी सोडवा. "डिस्कशिवाय" असं लिहून लॅपटॉप विका. बिघडलेला लॅपटॉप घेणारे बरेचदा सुट्या भागांसाठीच घेतात, त्यांना डिस्क नसल्याचं विशेष वाटत नाही.

काढलेली डिस्क यूएसबी एनक्लोजरमध्ये (डिस्क बसवून यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या संगणकावर उघडता येते, तिथे फायलीही परत मिळतात. बिटलॉकर चालू असेल तर तिथे रिकव्हरी की मागेल. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असण्याची बरीच शक्यता आहे, आधी तिथे शोधा. ज्या लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे काढायला काही नसतं. अशा मॅकमध्ये बोर्ड मेला तर तुमच्याच फायली तुम्हाला मिळवणं कठीण, मात्र टी२ चिपच्या किंवा अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये तो मजकूर मुळातच कूटबद्ध असतो. विंडोजच्या अशा लॅपटॉपवर कूटबद्धीकरण होतं की नाही याची खात्री नसेल, तर मी तो विकणार नाही.

पुसल्यानंतर खात्यांचं काय?

खरं तर पुसण्याआधीच खात्यांचं बघायचं. मॅकवर "फाइंड माय" बंद करून अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा. ते राहिलं तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे घेणाऱ्याच्या हातात नुसता पत्रा उरतो. बायॉसला पासवर्ड लावला असेल तर काढा. विकल्यानंतर मायक्रोसॉफ्ट, गुगल आणि इतर खात्यांच्या उपकरणांच्या यादीतून जुना लॅपटॉप हटवा. विंडोजचा परवाना बहुधा बोर्डाशी बांधलेला असतो, तो लॅपटॉपबरोबर जातो, त्याची चिंता नको.

लॅपटॉप कंपनीने दिलेला आहे, आता तो परत मागत नाहीत. विकता येईल?

तुमच्या नावे लेखी करून दिल्याशिवाय नाही. असे लॅपटॉप बरेचदा कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले असतात. पूर्ण पुसून नव्याने सुरू केले तरी पडद्यावर पुन्हा कंपनीचंच नाव येतं.

जाहिरातीत दोष किती सांगायचा? सगळं लिहिलं तर कोण घेणार?

सगळं लिहिलं तरच योग्य माणूस घेणार. बिघडलेल्या लॅपटॉपचं गिऱ्हाईक वेगळं असतं. त्यात दुरुस्तीवाले असतात, त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप असलेले आणि एखाद्या भागाच्या शोधात असलेले लोक असतात. त्यांना दोषाची भीती वाटत नाही, अंदाज न येण्याची वाटते. "छोटासा प्रॉब्लेम आहे, सहज दुरुस्त होईल" असं वाचलं की ते पुढे जातात, कारण सहज होणारं असतं तर विकणाऱ्यानेच केलं असतं.

मी जाहिरात तीन भागांत लिहितो: काय चालतं, काय चालत नाही, आणि काय तपासता आलं नाही. तिसरा भाग लोक टाळतात, पण विश्वास तिथेच बसतो. नमुना असा:

"१४ इंची, आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, डिस्कशिवाय. चालतं: बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ, वायफाय, आवाज, सगळे यूएसबी पोर्ट. चालत नाही: पडद्याच्या डाव्या बाजूला उभ्या रेषा, डावी बिजागरी सैल. बॅटरी मूळ क्षमतेच्या ६० टक्क्यांवर, अहवालाचा फोटो जोडला आहे. तपासलं नाही: वेबकॅम. एकदाही पाणी सांडलेलं नाही, एकदा पंखा साफ करण्यासाठी उघडला होता."

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. रेषा असलेला पडदा चालू स्थितीत दिसू द्या, तुटलेल्या कोपऱ्याचा जवळून फोटो द्या. सीरियल क्रमांकाचे शेवटचे काही अंक झाका. पाणी सांडलं असेल तर ते लिहाच. पुष्कळ लॅपटॉपमध्ये आत पांढरे छोटे स्टिकर असतात, ते ओले झाले की लाल होतात आणि झाकण उघडताच सगळं सांगून टाकतात.

किंमत किती सांगू?

तुमच्या मॉडेलचे लोक मागतात ते भाव पाहू नका. ज्या भावाला सौदे झाले ते शोधा. सहा महिने पडून असलेल्या जाहिरातीतला आकडा ही फक्त विकणाऱ्याची इच्छा असते. घासाघीस होणारच, तेव्हा थोडी जागा ठेवा आणि मनातला शेवटचा आकडा आधी कागदावर लिहा. आणि विकायचा ठरवलाय तर लवकर विका. कपाटात ठेवलेला बिघडलेला लॅपटॉप दर महिन्याला स्वस्त होतो, त्याची बॅटरीही न वापरता मरते.

कुणाला विकणं चांगलं?

थेट वापरणाऱ्याला विकलात तर भाव सगळ्यात चांगला, पण वेळ आणि प्रश्नोत्तरं सगळ्यात जास्त. दुरुस्तीवाल्याला विकलात तर अर्ध्या तासात मोकळे. नव्या लॅपटॉपच्या बदल्यात देण्याची योजना सोयीची खरी, पण तिथे बिघडलेल्याला जेमतेम भाव मिळतो. नव्याची किंमत ती योजना वगळून दुसरीकडे किती पडते तेही तपासा. भाग सुटे करून विकले तर बेरीज कधीकधी अख्ख्या लॅपटॉपपेक्षा जास्त भरते. रॅम, चार्जर, चांगला पडदा आणि एसएसडी लगेच जातात, बाकीचा सांगाडा मात्र घरात उरतो.

व्यवहारात फसवणूक कशी टाळू?

पैसे तुमच्या खात्यात जमा झालेले तुमच्याच बँकेच्या ॲपमध्ये दिसल्याशिवाय लॅपटॉप हातातून सोडू नका. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस हा पुरावा धरू नका, दोन्ही बनावट करता येतात. पैसे मिळवण्यासाठी तुम्हाला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. तसं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. "चुकून जास्त पैसे पाठवले, उरलेले परत करा" हाही ठरलेला सापळा आहे.

भेट वर्दळीच्या, वीज असलेल्या जागी ठेवा, म्हणजे लॅपटॉप चालवून दाखवता येतो. घेणाऱ्याला हवा तितका वेळ तपासू द्या. मग दोन प्रतींत साधी पावती करा: तारीख, मॉडेल, सीरियल क्रमांक, सांगितलेले दोष, रक्कम, "आहे त्या स्थितीत विकला" हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. मूळ बिल असेल तर त्याची प्रत द्या, लॅपटॉप चोरीचा नाही एवढं त्यातून घेणाऱ्याला कळतं.

कुरिअरने पाठवता येतो का?

बॅटरी चांगली असेल आणि कुरिअर कंपनी लिथियम बॅटरी असलेली वस्तू स्वीकारत असेल तर हो. बॅटरी आहे हे लपवू नका. फुगलेली किंवा खराब झालेली लिथियम बॅटरी हवाई मार्गाने पाठवायला बंदी आहे. चार्ज अर्ध्याच्या आसपास ठेवा, लॅपटॉप स्लीपवर ठेवू नका, पूर्ण बंद करा. पडदा आणि कीबोर्ड यांच्यामध्ये पातळ कापड ठेवा आणि खोक्यात सगळ्या बाजूंनी चार-पाच बोटं गादी भरा. खोकं बंद करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, पुढचा वाद वाचतो.

विकल्यावर आठवड्याने फोन आला, "आता चालूच होत नाही". परत घ्यावा का?

आधी शांतपणे ऐका. तुम्ही सांगितलेल्या दोषातूनच ते उद्भवलं असेल आणि पावती असेल, तर परत घेण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण तुम्हाला माहीत असलेलं काही सांगायचं राहिलं असेल, तर पैसे परत करा. मी स्वतः एकदा सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता, तो तापला की बंद पडायचा, आणि विकणाऱ्याने दाखवताना मुद्दाम पाच मिनिटंच चालू ठेवला होता. त्याचा मनस्ताप अजून आठवतो. म्हणून विकताना मी लॅपटॉप अर्धा तास चालवूनच दाखवतो.

कुणीच घेत नाही. कचऱ्यात टाकू?

घरच्या कचऱ्यात अजिबात नको. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद ठेवून गोळा करून पुनर्वापराला गेला. उरलेल्यातला बराच उघड्यावर जाळला जातो किंवा आम्लात बुडवला जातो, आणि ते विष तिथे राबणाऱ्यांच्या अंगात जातं. लॅपटॉप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपला जुना माल परत घेतात, आणि अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रंही असतात. त्याआधी एकदा दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेला विचारून पाहा. शिकणाऱ्यांना उघडून बघायला मेलेला लॅपटॉपही हवा असतो.

काढून ठेवलेल्या जुन्या डिस्कचं काय करू?

एनक्लोजरमध्ये घालून जादा बॅकअपसाठी वापरा. एकमेव बॅकअप म्हणून मात्र नको, ती थकलेली आहे. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर मजकूर विरू शकतो, म्हणून अधूनमधून जोडून फायली उघडून बघा. वर चिठ्ठी चिकटवून तारीख आणि आत काय आहे ते लिहा. डिस्क पूर्ण मेली असेल आणि पुसता येत नसेल, तर हार्ड डिस्कच्या तबकड्यांना आणि एसएसडीच्या प्रत्येक चिपला ड्रिलने भोक पाडा, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि मग ती ई-कचऱ्यात द्या.